आजोबांचें आयुष्य आणि नातवाचा हिशेब

पेठेंतील कोणत्याही व्यापाऱ्यास तंबाखू सोडण्याविषयीं सांगून पाहावें, बहुधा एकच उत्तर येतें कीं, "आमचे आजोबा जन्मभर तंबाखू खात, तरी नव्वद वर्षें जगले. आयुष्य वंशांतच असावें लागतें." पूर्वीं जें कपाळीं लिहिलेलें असे तें आतां रक्तांत लिहिलेलें असतें, इतकाच काय तो फरक! याच आजोबांचे जे भाऊ पन्नाशीच्या आंत गेले, त्यांचें नांव मात्र कोणी काढीत नाहीं. केवळ नफ्याचीं कलमें वाचून ताळेबंद करणारा मुनीम पेढीवर एक दिवस तरी टिकेल काय?

वंशाचा वांटा मुळींच नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. डेन्मार्कांत १८७० ते १९०० या काळांत जन्मलेल्या २८७२ जुळ्यांच्या जोड्या तपासून तेथील संशोधकांनीं १९९६ सालीं असें दाखविलें कीं, माणसामाणसांच्या आयुष्यांत जो कमीअधिकपणा आढळतो, त्यापैकीं सुमारें चतुर्थांश आनुवंशिक असतो. यावर पुढें पुष्कळ खल झाला. कोणी हा अंश कमी धरितात, कोणी अधिक. परंतु सारी रक्कम वंशाच्याच खातीं टाकणारा जाणता आम्हांस आढळला नाहीं.

आतां दुसरें खातें पाहूं. डॉल व हिल यांनीं १९५१ पासून ब्रिटनमधील डॉक्टरांच्या धूम्रपानाची नोंद ठेविली. पन्नास वर्षांचा ताळा २००४ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत सिगारेट न सोडणारे पुरुष न ओढणारांपेक्षां सरासरीनें सुमारें १० वर्षें आधीं मेले. चाळिशींत सोडणारांचीं त्यांपैकीं सुमारें ९ वर्षें वांचलीं, पन्नाशींत सोडणारांचीं ६ व साठींत सोडणारांचींसुद्धां ३. "आतां उशीर झाला" म्हणणाऱ्या शेटजींनीं हा शेवटला आंकडा दोनदां वाचावा. चघळण्याची तंबाखू निरुपद्रवी, हा समजही खोटा. तिनें तोंडाचा कर्करोग होतो.

बैठकीचेंही तसेंच. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर बसून गाडी हांकणारांपेक्षां दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांस हृदयविकार कमी होतो, असें मॉरिस यांनीं १९५३ सालीं दाखविलें. हांकणारे मुळांतच अधिक लठ्ठ होते, हेंही पुढें त्यांनींच प्रामाणिकपणें सांगितलें. तथापि चालण्याफिरण्याचा गुण नंतरच्या संशोधनानें दृढच झाला आहे. आजोबा बाजारास कोसच्या कोस पायीं जात, हें नातू सांगत नाहीं.

मालक मनांत आणील तेव्हां गादीवरून उठेल. पण दहा तास हिशेबापुढें बसविलेल्या दिवाणजीस ती मुभा मालकावांचून कोण देणार? दुपारीं अर्धा तास त्यास मोकळें सोडावें. पेढी बुडणार नाहीं.