पाकगृहांतील हितगूज : दुधावांचून ईस्टरचा खाऊ

कोल्हापुरांत ख्रिस्ती मिशनचें कार्य १८५२ सालीं सुरू झालें; त्यामुळें वायल्डर मेमोरियल चर्चला जाणारे शेजारी आम्हांस नवे नाहींत. गेल्या ईस्टरला त्यांच्याकडून चॉकलेटचीं अंडीं आलीं, तेव्हां ‘अंडीं’ या शब्दानेंच आमचीं वडील मंडळी दचकलीं. वस्तुतः अंड्याचा त्यांत केवळ आकार होता. खरी अडचण निराळीच निघाली. चॉकलेटांत दुधाची भुकटी होती, आणि आमच्या धाकट्या पुतण्यास दुधाची अ‍ॅलर्जी! सारीं मुलें खात असतां तो एकटा दारांत उभा राहिला, हें आम्हांस पाहवलें नाहीं.

म्हणून यंदा हा खाऊ आम्ही घरींच केला. बिया काढलेला मऊ खजूर एक वाटी, भाजून कुटलेलें सुकें खोबरें अर्धी वाटी, बिनदुधाची कोको पूड दोन मोठे चमचे व किसलेला कोल्हापुरी गूळ एक चमचा, हें सर्व पाणी न घालतां एकत्र वाटावें. लहान अंडाकृति गोळे वळून खोबऱ्याच्या किसांत घोळवावे.

वळतांना सवयीनें हातास तूप मात्र लावूं नये. तुपांत राहिलेला दुधाचा अंशही अशा मुलास अपाय करूं शकतो. विकतच्या वेष्टनावरील ‘कोको बटर’ हें लोणी नव्हे, तो कोकोच्या बियांतील स्निग्धांश होय. ‘मिल्क सॉलिड्स’ हे शब्द मात्र अवश्य शोधावे. गूळ व खजूर झाले तरी गोडच. मुलांस एकदां दोन गोळे पुरेत.

यंदा एक वाटी शेजारीं गेली. पहिला गोळा मात्र आजींनीं पुतण्याच्याच हातावर ठेवला.