थेंबाचा प्रवाह, अहवालाचा भरवसा

सिकलसेलची तपासणी नंदुरबार जिल्ह्याला नवी नाही. कोरीटसारख्या गावात बोटातून काढलेल्या थेंबाच्या अहवालावर एखाद्या घरातली सोयरीक अडू शकते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणूनच इथे चुकीचा अहवाल महागात पडतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. प्राथमिक तपासणीतील विद्राव्यता चाचणी स्वस्त आहे. पण ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करीत नाही, आणि तीव्र रक्तक्षय असल्यास फसूही शकते. त्यामुळे खात्रीसाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. शिवाय रुग्णाच्या रक्तपेशी पुन्हा पुन्हा मोजाव्या लागतात, त्यासाठीही वाट पाहणे आणि बसभाडे आलेच.

हे हेलपाटे वाचावेत म्हणून चिपवर चालणाऱ्या रक्ततपासणीकडे आशेने पाहिले जाते. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या लहानशा तुकड्यात केसाएवढ्या बारीक नलिका कोरलेल्या असतात. त्यांतून रक्त जाताना यंत्र पेशी मोजते. कल्पना उत्तम आहे. अडचण आहे ती प्रवाह एकसारखा ठेवण्याची.

बारीक नळीतल्या प्रवाहाचा नियम ज्याँ पॉइसुइल या फ्रेंच डॉक्टराने १८४०च्या दशकात मांडला. दाब तोच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला, तर प्रवाह सोळाव्या भागावर येतो. म्हणजे नलिकेच्या भिंतीला किंचित रक्त चिकटले, तरी वेग बदलतो. हवेचा बुडबुडा अडकला तर प्रवाह थांबतो, नाहीतर हिसके देतो. उन्हाळ्याची भर वेगळीच. पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर गेले की त्याचा दाटपणा सुमारे पावपट घटतो. चिपमधले द्रावणही मग अधिक वेगाने धावते.

सर्वांत घातक चूक मात्र रक्तक्षयाच्या रुग्णात होते. त्याचे रक्त पातळ असते. रक्त तसेच नलिकेत सोडले आणि दाब ठरावीक ठेवला, तर तेवढ्याच वेळात त्याचे जास्त रक्त पुढे जाते. यंत्राने वेळेवरून रक्ताचे प्रमाण गृहीत धरले असेल, तर पेशी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतात. ज्याचा रक्तक्षय शोधायचा, त्याचाच झाकला जातो.

यावर उपाय आहेत. पिचकारीसारख्या पंपाची मोटर टप्प्याटप्प्याने ढकलते, त्यामुळे प्रवाहात धडधड येते. त्याऐवजी दाब सतत मोजून सांभाळणारी रचना वापरता येते. ठरावीक मापाची कुपी भरली की मोजणी, अशी सोय केली तर वेगावरचे अवलंबन कमी होते. तापमानानुसार दुरुस्तीही करता येते. पंपाशिवाय कागदाच्या छिद्रांतून द्रव शोषून घेणाऱ्या पट्ट्या सोप्या वाटतात. पण त्यांनाही ठरलेल्या वेळीच वाचावे लागते. घाईने किंवा उशिरा वाचलेली पट्टी दगा देऊ शकते.

म्हणून खरेदीच्या निविदेत किमतीइतकीच ठळक अट हवी : वातानुकूलित प्रयोगशाळेबरोबरच मे महिन्यातल्या उपकेंद्रातही यंत्राची चाचणी व्हावी, आणि तीही रक्तक्षय असलेल्यांच्या नमुन्यांवर. रोज सकाळी ज्ञात मूल्याचा नमुना चालवून यंत्र तपासावे. प्रवाह बिघडला तर यंत्राने आकडा न देता 'पुन्हा तपासा' एवढेच सांगावे. सिकलसेलच्या प्रत्येक संशयित अहवालाची प्रयोगशाळेत खात्री व्हावी, आणि ती होईपर्यंत कुणालाही वाहक किंवा रुग्ण ठरवू नये. गावात लवकर मिळणारे उत्तर हवेच आहे. पण ते यंत्राच्या दोषासकट कुणाच्या लग्नाच्या बोलणीत जाऊ नये, ही जबाबदारी खरेदी करणाऱ्यांचीच आहे.