चाकू वाचता येतो?

मागच्या दिवाळीत वाशिमच्या मामांना मस्त घडीचा चाकू गिफ्ट दिला. महिन्याभरात फोन : ‘तुहा फॉरेनचा चाकू तं संत्री कापून काळा पडला ना बाप्पा!’ मामा तो फेकायलाच निघाले होते. म्हटलं, थांबा, पात्यावर काय लिहिलंय? ‘कार्बोन.’ म्हणजे चूक चाकूची नव्हती, न वाचता घेणाऱ्या माझी होती!

तर बॉस, फंडा सिंपल आहे. चाकू उघडा आणि आधी पातं वाचा, विशेषतः मुठीजवळ. ‘इनॉक्स’ किंवा जर्मन ‘रोस्टफ्राय’ म्हणजे स्टेनलेस. व्हिक्टोरिनॉक्सच्या नावात १९२१ पासून हाच इनॉक्स आहे. ‘कार्बोन’ म्हणजे कार्बन स्टील : धार पटकन लागते, पण आंबट लागलं की काळं पडतं आणि ओलं राहिलं की गंजतं. काळेपणा चालतो, लाल गंज नाही. आणि ओपिनेलवरचा ८ हा आकडा स्टीलचा ग्रेड नव्हे, साइज!

मामा आता चाकू पुसून तेलाचं बोट फिरवतात. पातं काळंच आहे. म्हणतात, ‘आता कसा आपला वाटते!’