‘विष चढलं’ म्हणून गप्प बसू नका

गटार काढताना पायाला पत्रा लागतो. हळद दाबून, चिंधी बांधून माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो. मग ताप भरतो, लाली पोटरीवर चढते, चादर लागली तरी सहन होत नाही. वस्तीत म्हणतात, ‘विष चढलं.’

या ‘विषा’मागे पुष्कळदा स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू असतो. मुलांचा घसा धरतो तो याच कुळातला. तो रक्तात किंवा स्नायूंपर्यंत शिरला, की मांस सडतं, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं थांबतात. एक-दोन दिवसांत माणूस हातचा जातो.

जपानमध्ये २०२३ साली या आजाराच्या सर्वांत घातक रूपाचे ९४१ रुग्ण नोंदले गेले. २०२४ मध्ये जूनच्या सुरुवातीलाच आकडा ९७७ वर पोचला. इंग्लंडमध्ये २०२२ च्या हिवाळ्यात मुलं दगावू लागली, तेव्हा सरकारने डॉक्टरांना आणि पालकांना सावध केलं. हे जमलं, कारण तिथे असा रुग्ण कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आपल्याकडे तशी सक्ती नाही. म्हणून सोलापुरात हा आजार वाढतोय की घटतोय, हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. आकडा नाही याचा अर्थ रोग नाही, असा होत नाही. ज्याची मोजदाद नाही, त्याच्यासाठी तरतूदही होत नाही.

आपली मागणी साधी आहे. महापालिका आणि सिव्हिलने अशा प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी. सफाई कामगाराला गमबूट आणि हातमोजे मिळालेच पाहिजेत. ते उपकार नाहीत, हक्क आहे.

तोवर घरात एवढं पाळा. जखम साबण-पाण्याने धुवा, झाकून ठेवा. चुना, तंबाखू लावू नका. मधुमेही, बाळंतीण, कांजिण्या झालेलं मूल यांना जास्त जपा. आपला जिल्हा हत्तीरोगाचाही आहे. सुजलेल्या पायाच्या भेगांतून हा जंतू सहज शिरतो, म्हणून पाय रोज धुऊन कोरडे ठेवा.

जखमेच्या मानाने दुखणं फार जास्त असेल, लाली तासातासाला पसरत असेल, ताप किंवा भ्रम असेल, तर गल्लीतल्या इंजेक्शनवर रात्र काढू नका. त्याच घटकेला सिव्हिल गाठा. पेनिसिलीन या जंतूवर आजही चालतं, पण सडलेला भाग वेळेत कापून काढावा लागतो. औषध स्वस्त आहे. उशीर महाग पडतो.