परभाषेच्या अंगणात

परकी भाषा ‘येते’ असे केव्हा म्हणावे? शब्द पुष्कळ पाठ झाले, क्रियापदांची रूपे न अडखळता म्हणता आली, परीक्षेत चांगले गुण मिळाले, म्हणजे ती भाषा आली, अशी बहुतेकांची समजूत असते. ही समजूत अगदीच खोटी नाही. व्याकरण बाजूला सारून भाषा शिकू पाहणारा मनुष्य, पाया न खणता भिंत उभारणाऱ्या गवंड्यासारखा होय. परंतु पाया म्हणजे घर नव्हे. घर म्हटले की त्यात माणसे आली, त्यांचे बोलणेचालणे आले, त्यांचे रुसवेफुगवे आले. त्या माणसांशी ओळख होत नाही तोवर शिकणाऱ्याला भाषेच्या अंगणातच उभे राहावे लागते. एका अमेरिकन तरुणाने स्पॅनिश भाषा कशी आपलीशी केली, ते पाहिले म्हणजे हे म्हणणे पटेल.

हा तरुण म्हणजे पुढे कवी म्हणून विख्यात झालेला हेन्री वॉड्स्वर्थ लाँगफेलो. त्याचा जन्म 1807 साली अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील पोर्टलंड या गावी झाला. वडील वकील होते आणि मुलानेही वकील व्हावे, असे त्यांना वाटे. मुलाचे मन मात्र साहित्यात रमलेले. 1825 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो बोडन कॉलेजातून पदवीधर होऊन बाहेर पडला. त्याच सुमारास कॉलेजच्या चालकांनी आधुनिक भाषांसाठी एक प्राध्यापक नेमावयाचे ठरविले आणि ती जागा या कोवळ्या विद्यार्थ्याला देऊ केली. अट एवढीच, की त्याने आधी युरोपात जाऊन त्या भाषा शिकून याव्यात. प्रवासाचा खर्च वडिलांनी सोसावयाचा होता. त्या काळी अमेरिकेतील कॉलेजांत लॅटिन व ग्रीक या भाषांचा मोठा मान असे. फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकविण्यासाठी स्वतंत्र प्राध्यापक ठेवणे ही गोष्ट नवीनच होती.

1826 च्या मे महिन्यात लाँगफेलो जहाजात चढला. चार भाषा आत्मसात करून परतावयाचे, हा त्याचा संकल्प. संकल्प करणे सोपे असते. फ्रान्समध्ये काही महिने काढल्यावर त्याला कळून चुकले, की आपण समजलो होतो त्याहून हे काम फार कठीण आहे. घरापासून इतके दूर, वडिलांचे पैसे खर्च होत आहेत, आणि जिभेवर फ्रेंच भाषा नीट बसत नाही! शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला असे दिवस येतात. लाँगफेलोच्या बाबतीत फरक एवढाच, की या दिवसांवर त्याची नोकरी अवलंबून होती.

अशा वेळी वडिलांचे पत्र आले. फ्रेंच आणि स्पॅनिश या दोन्ही भाषा पक्क्या आल्याच पाहिजेत, नाहीतर ती जागा मिळणार नाही, असे त्यांनी स्पष्ट बजावले. यामागे व्यवहाराचा विचार होता. दक्षिण अमेरिकेतील स्पेनच्या वसाहती नुकत्याच स्वतंत्र झाल्या होत्या, त्यांच्याशी अमेरिकेचे संबंध वाढत होते, आणि त्या सर्व देशांची भाषा स्पॅनिश होती. मुलगा ज्या भाषेत पुढे काव्य शोधणार होता, तिच्याकडे वडिलांनी त्याला पाठविले ते असे व्यवहाराच्या वाटेने. व्यवहारासाठी भाषा शिकणे हलके, आणि काव्यासाठी शिकणे थोर, असा भेद काही लोक करतात. तो फारसा खरा नाही. दाराशी कोणत्याही कारणाने गेले तरी चालते. आत जाण्याची इच्छा असली म्हणजे झाले.

1827 च्या आरंभी तो स्पेनला निघाला. तेव्हा तेथे आगगाडी नव्हती. खेचरे जोडलेल्या गाडीतून डोंगराळ वाटेने दिवसचे दिवस प्रवास करावा लागे, आणि दरोडेखोरांचे भय मोठे. वाटेत मारल्या गेलेल्या प्रवाशांच्या स्मरणार्थ रस्त्याच्या कडेला क्रूस उभारलेले असत. ते पाहत पाहत हा वीस वर्षांचा मुलगा माद्रिदला पोचला आणि एका स्पॅनिश कुटुंबात पैसे देऊन राहू लागला.

येथेच त्याच्या अभ्यासाला खरे वळण लागले. घरात सर्वजण स्पॅनिश बोलणारे. जेवताना, अंगणात बसताना, आल्यागेल्याचे स्वागत होताना तीच भाषा कानावर पडे. पुस्तकातील वाक्य चुकले तर ते खोडून पुन्हा लिहिता येते. पण घरातील वडीलधाऱ्या बाईंशी बोलताना चुकीचे सर्वनाम वापरले, तर तिचा अवमान होतो! स्पॅनिश भाषेत जवळच्या माणसाला ‘तू’ म्हणतात आणि मान द्यावयाच्या माणसाला ‘उस्तेद’ म्हणतात. हा शब्द ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या जुन्या आदरार्थी संबोधनाचा झिजलेला अवतार आहे. मराठी मुलाला यात नवल वाटणार नाही. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांपैकी कोणापुढे काय वापरावे, हे त्याला न शिकविता कळते. किंबहुना स्पॅनिश ‘तू’ ऐकून तर तो हसेलच. परंतु इंग्रजी बोलणाऱ्या लाँगफेलोची गोष्ट निराळी होती. त्याच्या भाषेत राजाला आणि नोकराला एकच सर्वनाम. कोणाशी किती जवळीक आहे, हे प्रत्येक वाक्यापूर्वी ठरविण्याची सवय त्याच्यासारख्याला नव्याने लावून घ्यावी लागते. व्याकरण एका पानात संपते. माणसे ओळखण्यास महिने लागतात.

असाच दुसरा एक पेच आहे. मराठीतील ‘आहे’ या एका शब्दाच्या जागी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदे येतात. एक ‘सेर’, मनुष्याच्या स्वभावासाठी. दुसरे ‘एस्तार’, त्याच्या त्या वेळच्या स्थितीसाठी. ‘एस लिस्तो’ म्हटले तर ‘तो हुशार आहे’ असा अर्थ होतो, आणि ‘एस्ता लिस्तो’ म्हटले तर ‘तो तयार आहे’ असा होतो. शेजारचा मुलगा हुशार आहे की निघावयास नुसता तयार आहे, हा गोंधळ परक्याच्या तोंडून किती वेळा होत असेल, याची कल्पनाच करावी. लोक हसतात, तो सुधारतो, पुन्हा चुकतो. हसणारे लोक जवळ असणे, हे त्या विद्यार्थ्याचे भाग्यच म्हणावयाचे.

उन्हाळ्यात ते कुटुंब माद्रिदजवळच्या एल पार्दियो नावाच्या खेड्यात राहावयास गेले. लाँगफेलोही त्यांच्याबरोबर गेला. राजधानीतील शिष्ट भाषा एक, आणि खेड्यातील भाषा दुसरी. दुपारची वामकुक्षी, संध्याकाळच्या गप्पा, सणावारी चालणारा नाच, हे सर्व त्याने जवळून पाहिले आणि पुढे आपल्या प्रवासवर्णनात हौसेने लिहिले. अशा गावच्या मुख्य अधिकाऱ्याला तेथे ‘आल्काल्दे’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘काझी’पासून आला. स्पेनच्या निरनिराळ्या भागांवर अरबांचे राज्य शतकानुशतके होते. ग्रानाडाचे शेवटचे राज्य 1492 साली गेले. पण शब्द गेले नाहीत. साखरेला स्पॅनिश लोक ‘आथूकार’ म्हणतात. संस्कृतातील शर्करा इराणात शकर झाली, अरबांकडे सुक्कर झाली आणि तेथून स्पेनमध्ये गेली. नारिंगाला ते ‘नारांखा’ म्हणतात. त्या शब्दाची वाटही हीच. मराठी घरातील साखर आणि माद्रिदच्या घरातील आथूकार या एकाच कुळातल्या, हे शब्दकोश सांगतो. परंतु तो शब्द कोणी हाताने साखर वाढता वाढता उच्चारला, तर तो जन्मभर विसरत नाही.

माद्रिदमध्ये त्याला वॉशिंग्टन आयर्व्हिंग हा नामांकित अमेरिकन लेखक भेटला. तो कोलंबसाचे चरित्र लिहीत होता. ते 1828 साली प्रसिद्ध झाले. एकदा सकाळी सहा वाजता त्याच्या घरावरून जाताना लाँगफेलोला त्याच्या अभ्यासिकेची खिडकी उघडी दिसली. पुढे विचारले तेव्हा कळले, की त्या वेळेला तो नेहमीच कामास बसलेला असतो. ही आठवण लाँगफेलोने म्हातारपणापर्यंत जपली.

शरद ऋतूत तो दक्षिणेकडे गेला. सेव्हिल, कादिथ, मालागा ही गावे पाहून त्याने ग्रानाडाचा आलांब्रा राजवाडा पाहिला आणि वर्षअखेर स्पेनचा निरोप घेतला. एकूण मुक्काम सुमारे आठ महिन्यांचा.

आठ महिन्यांत काय साधले? एखादा हिशेबी मनुष्य विचारील, की हाच वेळ खोलीत बसून काढला असता, तर अधिक पाठ झाले नसते काय? झाले असते कदाचित. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याला स्पेनला कोण पाठविणार? हा आक्षेप मात्र खरोखर विचार करण्यासारखा आहे, आणि त्याचे उत्तर लाँगफेलोच्या पुढील कामात सापडते. त्याचे वय फार लहान म्हणून चालकांनी मध्यंतरी त्याला प्राध्यापकाऐवजी खालची जागा देऊ केली होती. त्याने ती बाणेदारपणे नाकारली. अखेर 1829 साली वर्षाला 800 डॉलर पगारावर तो बोडन कॉलेजात प्राध्यापक झाला. समोर बसलेली मुले स्पेनला कधी जाणार नव्हती. त्यांच्या हाती देण्याजोगी पुस्तकेही नव्हती. तेव्हा त्याने स्वतःच पुस्तके तयार केली. 1830 साली ‘नोवेलास एस्पान्योलास’ हे स्पॅनिश गोष्टींचे लहानसे पुस्तक त्याने छापविले. नुसती रूपावली न देता त्याने गोष्टी दिल्या. कारण गोष्टीत माणसे असतात. जो स्वतः त्या घरात राहून आला, त्याने बाहेरच्या मुलांसाठी दार किलकिले केले.

1833 साली त्याच्या कवितेचे पहिले पुस्तक निघाले. त्यातील मुख्य कविता त्याची स्वतःची नव्हती. ते एका स्पॅनिश काव्याचे भाषांतर होते. पंधराव्या शतकातील योद्धा कवी होर्हे मान्रीके याने आपल्या वडिलांच्या मृत्यूनंतर ते काव्य रचले. त्याच्या रचनेत आठ अक्षरांच्या दोन ओळी येतात आणि तिसरी ओळ एकदम चार अक्षरांवर थांबते. मोठ्या अभंगात सहा सहा अक्षरांचे तीन चरण होऊन चौथा चार अक्षरांवर थबकतो, तो ज्याच्या कानात आहे, त्याला या थांबण्यातील अर्थ सांगावयास नको. बोलता बोलता कंठ दाटून यावा, तशी ती आखूड ओळ आहे. लाँगफेलोने इंग्रजीत ती तशीच आखूड ठेवली. ती लांबविणे सोपे होते. पण मुलगा बापासाठी रडतो तेव्हा कोठे थांबतो, हे त्याच्या कानाला कळले होते. ज्या पित्याच्या पत्राने त्याला स्पेनची वाट दाखविली, ते त्या वेळी हयात होते.

लाँगफेलोच्या स्पेनवर टीकाही करता येते. तो तेथे होता तेव्हा राजा सातवा फर्नांडो याचा कारभार अत्यंत जुलमी होता. स्वतंत्र विचाराची माणसे तुरुंगात किंवा परदेशी होती. लाँगफेलोच्या लेखनात जुनी गाणी, मठ आणि चांदण्या रात्री जितक्या आहेत, तितकी ही दुःखे नाहीत. पाहुण्याला घरातील आनंद लवकर दिसतो आणि काळजी उशिरा दिसते. आठ महिने त्याला पुरेसे नव्हते, असेच म्हणावे लागेल.

यानंतर तो आणखी तीन वेळा युरोपात गेला. हार्वर्डमध्ये त्याने वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना स्पॅनिश साहित्य समजावून सांगितले. स्पेनवर नाटक लिहिले, उतारवयात एक कविताही लिहिली. पण त्या देशात त्याने पुन्हा पाऊल ठेवले नाही. विसाव्या वर्षी पाहिलेले ते अंगण बदललेले दिसेल, अशी त्याला भीती वाटत असावी.