मागच्या खिडकीतून

कुही तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावठाणात गेल्या हिवाळ्यात आम्ही समाजमंदिराच्या भिंतीवर चादर लावून एक जुना इंग्रजी सिनेमा दाखवला. आल्फ्रेड हिचकॉकचा १९५४ सालचा ‘रिअर विंडो’, म्हणजे मागची खिडकी. बचत गटाच्या पंचवीस-तीस बाया होत्या, काहींची लेकरे मांडीवर. सिनेमा जेमतेम दोन तासांचा, पण मी मधेमधे थांबवून मराठीत सांगत होते, त्यामुळे तीन तास लागले. ‘या बायांना हिचकॉक कशाला?’ असे आमच्याच एका सहकाऱ्याने विचारले होते. त्याला कारण एवढेच होते की, घरगुती हिंसेच्या कायद्यावरची माझी तीन शिबिरे तिथे पडली होती. बाया येत, चहा घेत, माना डोलावत आणि घरी जात. शेजारणीच्या घरात मारहाण होत असेल तर काय कराल, या प्रश्नावर तिन्ही वेळा एकच उत्तर आले होते : तो त्यांच्या घरचा मामला.

सिनेमाची गोष्ट थोडक्यात अशी. जेफ हा फोटोग्राफर पाय मोडून घरात बसला आहे. उन्हाळ्याचे दिवस, सगळ्यांच्या खिडक्या उघड्या. करमत नाही म्हणून तो समोरच्या बिऱ्हाडांत डोकावत राहतो, आधी नुसत्या डोळ्यांनी, मग दुर्बिणीने आणि मग कॅमेऱ्याच्या लांब भिंगातून. समोर एक नाचणारी मुलगी आहे, एक एकटी बाई आहे, नवे लग्न झालेले जोडपे आहे, आणि थॉरवॉल्ड नावाचा फिरता विक्रेता व त्याची अंथरुणाला खिळलेली बायको आहे. एके दिवशी ही बायको दिसेनाशी होते. जेफला संशय येतो की नवऱ्याने तिला मारले. त्याचा पोलिसातला मित्र त्याला वेड्यात काढतो. जेफची मैत्रीण लिसा आणि त्याची शुश्रूषा करणारी स्टेला यांना मात्र ते पटते.

मी वाट पाहत होते ती ‘खून कसा उघडकीस आला’ यावरच्या चर्चेची. ती झालीच नाही. पहिले मत आले ते पंधराव्या मिनिटाला, मागून : “या मान्साले काही कामधंदा नाही का जी?” सगळ्या हसल्या. मग दुसरीने जोडले की, हेच एखादी बाई दुर्बीण घेऊन खिडकीत बसली असती, तर गावाने तिला काय म्हटले असते? लावालावी करणारी, चुगलखोर, घरात लक्ष नसलेली. पुरुषाने पाहिले की तपास, बाईने पाहिले की चहाडी. सिनेमावर पुस्तके लिहिणाऱ्यांनी या चित्रपटातल्या पुरुषी नजरेवर पुष्कळ लिहिले आहे. लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासिकेचा १९७५ सालचा त्यावरचा निबंध आजही अभ्यासक्रमांत असतो. आमच्या बायांनी तो वाचलेला नाही. वाचायची गरजही पडली नाही.

दुसरे मत एका आजीचे. तिने विचारले, ती आजारी बाई काय बोलत होती ते आपल्याला ऐकू का आले नाही? प्रश्न खरा आहे. सगळा सिनेमा तिच्या मरणावर उभा, पण ती दिसते ती फक्त दुरून, नवऱ्यावर चिडणारी, किटकिट करणारी. तिचे म्हणणे काय होते ते आपल्यापर्यंत पोचतच नाही. पंचनामा तिच्या मरणाचा होतो, जगण्याचा नाही. आजीने पुढे म्हटले, “अंथरुनावर पडलेल्या बाईनं खाल्लं का, हे कोन पाह्यत होतं?”

त्या रात्री एक किंकाळी ऐकू येते, काच फुटल्याचा आवाज येतो. एकाही खिडकीतून कुणी डोकावत नाही. जेफसुद्धा ते ऐकतो आणि सोडून देतो. मी ते दृश्य पुन्हा लावले, कारण पहिल्यांदा बायांच्याही ते लक्षात आले नव्हते. मग काही दिवसांनी अंगणात एका जोडप्याचे कुत्रे मरून पडलेले सापडते. कुत्र्याची मालकीण गच्चीवजा जिन्यातून सगळ्या बिऱ्हाडांना उद्देशून ओरडते की, तुम्हाला शेजारी असण्याचा अर्थच कळत नाही, कोणी जगले काय नि मेले काय! तेव्हा मात्र थॉरवॉल्ड सोडून सगळे खिडक्यांशी येतात. त्यावर आमच्याकडे टाळ्या पडल्या. आणि टाळ्या थांबल्यावर : “कुत्र्यासाठी भांडली, चांगलं केलं. बाई मेली तवा कोनी नाही भांडलं.”

आणखी एक गोष्ट बायांनी हेरली, ती माझ्या नजरेतून आधी सुटली होती. जेफ पाहतो, पण जातात बायाच. फुलांचा वाफा खणायला लिसा आणि स्टेला जातात. लिसा जिन्यावरून चढून खुन्याच्या घरात शिरते, त्याच्या हाती सापडते, आणि जेफ लांबून दुर्बिणीतून पाहत तडफडतो. पोलिसांना फोन करतो, तेवढेच. मोडका पाय हे कारण आहे खरे, पण आमच्याकडे धडधाकट पायांचे पुरुषही चावडीवरून पाहतच असतात. खून झाल्याचे लिसाला पटते तेही साध्या कारणावरून. बाई गावाला जाताना आपली पर्स, दागिने आणि लग्नाची अंगठी मागे टाकून जात नाही. पोलीस मित्र यावर हसतो. आमच्या बाया हसल्या नाहीत. मंगळसूत्र घरात ठेवून कोण जाते?

असली बायांची माहिती कोर्टात किती टिकते, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. पुण्याची मंजुश्री सारडा १९८२ साली सासरी मरण पावली. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रे लिहिली होती. सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने नवऱ्याला दोषी धरले, १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी पूर्ण नाही, आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. छळ सांगणारी पत्रे तिच्या खचलेल्या मनाची साक्ष ठरली. पुण्यात त्याच काळात नारी समता मंच उभा राहिला आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव फिरले. तो निकाल आजही परिस्थितिजन्य पुराव्याबाबत पायाभूत मानला जातो, आणि आरोपीला शंकेचा फायदा मिळायला हवा हे मलाही मान्य आहे. पण म्हणूनच मरणानंतरच्या पुराव्यावर सगळी भिस्त ठेवून चालत नाही. बाई जिवंत असताना ज्यांना ऐकू येते, त्यांचे काय?

आपल्याकडे ऐकू येतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभरांतल्या ७७ बायांनी मदत मागितली नाही की कुणाला सांगितले नाही. त्यांनी सांगितले नाही, हे खरे. कुणाला कळले नाही, हे खरे नाही. भिंतींनी सांगितलेले असते.

गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली कुही तालुक्यातली गावे गेली आणि माणसे नव्या गावठाणांत आली. इथल्या बाया सांगतात, जुन्या गावात मागचे दार होते, सांदवाडी होती. मागच्या मागे एकीच्या घरातून दुसरीच्या घरात जाता येई, पुरुषांच्या नजरेत न येता. नव्या प्लॉटवर घरे रांगेत, दारे रस्त्यावर. कोण कोणाकडे गेली हे सगळ्या गल्लीला दिसते, आणि म्हणून जाणे कमी झाले. पुनर्वसनाच्या कोणत्या तक्त्यात या मागच्या दाराची भरपाई लिहिली आहे?

पण जुने गावही मी फार गोड करून सांगू नये. चर्चेत शेवटी एक परित्यक्ता बोलली. सिनेमातली एकटी बाई, जी दोन माणसांचे ताट वाढून रिकाम्या खुर्चीशी बोलते, तिच्यावर आमच्या काहीजणी हसल्या होत्या. ही हसली नव्हती. म्हणाली, “नवरा मारत होता तवा जुन्या गावात कोनाले काही दिसत नव्हतं. तो गेला, आता इथं माह्या दारात चप्पल कोनाची हाये तेही सगळ्याइले दिसते.” यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

माझे म्हणणे तिच्या या दोन वाक्यांवरच उभे आहे. शेजाऱ्यांवर नजर ठेवणे चूक की बरोबर, असा वाद सिनेमा पाहून लोक नेहमी घालतात. मला तो प्रश्नच फसवा वाटतो. आपल्या गावांत नजर कमी कधीच नव्हती. ती बाईच्या चारित्र्यावर असते, बाईच्या अंगावरच्या वळांवर नसते. चौकात कॅमेरे बसवून मुलींच्या ‘सुरक्षे’ची भाषा करणारेही हीच नजर वाढवत आहेत. कॅमेरा घराच्या आत पाहत नाही, आणि सर्वांत जास्त मार घरातच बसतो.

कायद्याने शेजारणीला जागा दिली आहे, पण अर्धीच. पूर्वीचे भारतीय दंड विधानाचे कलम ४९८ अ, जे १९८३ साली आले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झाले, त्यात पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवायचा तर माहिती खुद्द बाईने, तिच्या नातेवाइकांनी किंवा नेमलेल्या सरकारी सेवकाने द्यावी लागते. शेजारीण त्यात नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात मात्र ती आहे. कलम ४ प्रमाणे हिंसा होते आहे किंवा होईल असे वाटणारी कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्भावनेने कळवले तर तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. हे मी सांगितल्यावर एकीने विचारले, “अन् नळावर कोन उभं राहू देईन, ताई?” याला कोणत्याही कलमात उत्तर नाही. २००८ साली ‘बेल बजाओ’ ही मोहीम टीव्हीवर गाजली : मारहाणीचा आवाज आला की दाराची बेल वाजवा. मोहीम चांगली होती. पण आमच्याकडे बेल कोणाच्या दाराला आहे? आणि एकट्या बाईने वाजवायची तरी कशी? दोघी-तिघींनी मिळून, काही निमित्त काढून जावे, आधी त्या बाईला एकटीला गाठून तिला काय हवे ते विचारावे आणि मगच पुढचे, असे आमच्या गटात ठरले. काहीजणींना तेही जोखमीचे वाटते. त्यांना मी भित्र्या म्हणणार नाही.

कारण मी एम.एस.डब्ल्यू. करताना नागपुरात भाड्याच्या खोलीत राहत होते. पलीकडच्या खोलीतून रात्री आवाज यायचे. टेबलावर याच कायद्याच्या नोट्स असायच्या. मी मोबाइलवर गाणी मोठ्याने लावायचे. दोन महिन्यांनी ते बिऱ्हाड गेले. कुठे, ते मी विचारले नाही.

सिनेमा संपल्यावर एक बाई चादर घडी करायला थांबली. तिच्या शेजारच्या सुनेबद्दल तिने हळूच सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. सून म्हणाली, काही नाही, मोरीत पाय घसरला. आम्ही चहा घेऊन परत आलो. ती शेजारीण मात्र त्यानंतर रोज संध्याकाळी तिच्याकडे विरजण मागायला जाते. दही घरी खात नाहीत, असे सून परवा मला हसून म्हणाली. शेजारणीकडे गाय नाही, म्हैसही नाही, हे तिलाही माहीत आहे.