कोजागिरीच्या दुधात चॉकलेट

दोन वर्षांपूर्वीच्या कोजागिरीला आमच्या सुनेनं आटत्या दुधात कोको पावडर घातली आणि चारचौघांत मी म्हणाले, "हे काही कोजागिरीचं दूध नव्हे." ती काही बोलली नाही. गेल्या वर्षी मात्र पातेलं चढलंच नाही. मुलानं मसाला दुधाच्या तयार बाटल्या आणल्या. साडेनऊला ज्यानं त्यानं आपापली बाटली टीव्हीसमोर संपवली, दहाला दिवे बंद. गच्चीवर मी एकटीच गेले, चंद्र पाहिला आणि खाली आले.

तेव्हापासून माझं मत बदललं आहे. बिघडवलं ते कोकोनं नाही, बाटलीनं. आणि थोडं माझ्या जिभेनं.

'को जागर्ति', कोण जागं आहे, असं लक्ष्मी विचारत फिरते म्हणतात. सोलापुरात तिला फार शोधावं लागत नाही. या पौर्णिमेला रूपाभवानीचं दर्शन घेऊन हजारो माणसं तुळजापूरची वाट धरतात, पंचेचाळीसेक किलोमीटर, कितीतरी जण अनवाणी. वाटेत कुणी चहा देतं, कुणी दूध, कुणी केळी. ज्यांना चालवत नाही, त्या माझ्यासारख्यांना घरी जागायला काहीतरी निमित्त हवं. दूध आटवणं हे ते निमित्त. दोन लिटर दूध मंद आचेवर दीड लिटरवर यायला तासभर तरी लागतो. एकानं ढवळायचं, एकानं बदाम सोलायचे, पोरांनी वेलदोडे कुटायचे आणि चारोळी पळवायची. त्या तासात जे बोलणं होतं, ते एरवी वर्षभर होत नाही. बाटलीत हा तास मिळत नाही.

राहिला प्रश्न चॉकलेटच्या परकेपणाचा. आपल्या सोलापूरच्या शेंगाचटणीतली शेंग आणि मिरची दोन्ही मूळची अमेरिका खंडांतली, हे चटणी कुटताना कुणाला आठवतं? कोकोही तिथलाच. वडी होण्याआधी शेकडो वर्षं चॉकलेट हे पेयच होतं. मेक्सिकोतले अझ्टेक लोक त्यात मिरची आणि सुवासिक फुलं घालत, उंचावरून ओतून फेस आणत. सोळाव्या शतकात ते स्पेनला गेलं, तिथं साखर आणि दालचिनी मिळाली. खायची वडी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं केली ती 1847 मध्ये. म्हणजे मसाला घालून प्यायचं चॉकलेट हीच जुनी रीत. परदेशात शरद ऋतूत साय, चॉकलेट, दालचिनी, जायफळ यांचं कॉकटेल करतात, त्यात दारूही असते. आपल्या गच्चीला तिची गरज नाही. आणि ते थंडीची चाहूल लागली म्हणून पितात. इथं ऑक्टोबरच्या उन्हानं जीव नको झालेला असतो, तेव्हा आपलं दूध चांदण्यात गार करूनच प्यावं.

सुनेनं केलं होतं ते असं. म्हशीचं दोन लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात, कडेची साय खरवडून पुन्हा दुधात. कोको थेट उकळत्या दुधात टाकला तर गुठळ्या होतात. म्हणून चार चमचे कोको साखरेत मिसळून, कोमट दुधात पातळ कालवून घातला. दालचिनीचा बोटभर तुकडा दुधाबरोबरच उकळला आणि नंतर काढून टाकला. वेलदोडा आणि जायफळ शेवटी. (जायफळानं झोप येते म्हणतात. जागरणाच्या रात्री ते का घालायचं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.) बदाम-पिस्ते वरून. केशर मात्र घालू नका. कोकोपुढं त्याचा वास टिकत नाही, पैसे वाया जातात.

हे इतकं नीट आठवतं, कारण त्या रात्री रागानं बाजूला ठेवलेला पेला सगळे झोपल्यावर मी संपवला होता. छान झालं होतं. घरात अजून सांगितलेलं नाही, आता पेपरातच कळेल.

परवा बाजारातून कोकोचा डबा मीच आणला आणि ओट्यावर ठेवला. सुनेनं तो पाहिला, उचलून फडताळात ठेवला. जरा वेळानं स्वयंपाकघरातून आवाज आला, "आई, या वेळी दूध किती सांगू?"